बहात्तर तासांची वही

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. कुडाळजवळच्या ट्रस्टच्या रुग्णालयात पहाटे एक बाई दगावली होती. तिला लावलेला नवा ब्लड पंप मध्येच बंद पडला होता आणि तो कुणीतरी मुद्दाम बिघडवला, असं पंप बनवणारा इंजिनीअर म्हणत होता. ताबडतोब पोचा, असा साहेबांचा निरोप होता.

"पोचलेय," उपनिरीक्षक सुनीती दळवी म्हणाली.

ती थाप नव्हती. गेले दोन दिवस ती त्याच रुग्णालयात, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बाकावर बसून होती. आत तिचा धाकटा भाऊ सर्वेश होता. वय तेहतीस. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात राबला, पायाच्या भेगांतून लेप्टोचा जंतू शिरला, आणि या शहाण्याने चार दिवस ताप अंगावर काढला. आता त्याच्या फुप्फुसांत रक्त उतरलं होतं आणि हृदय थकत चाललं होतं.

तिने साहेबांना फोन करून खरं ते सांगितलं. आपला सख्खा भाऊ इथेच आहे, दुसरा माणूस पाठवा. साहेब हळहळले, पण घाटात दरड कोसळलेली, सगळी माणसं तिकडे. आजचा दिवस तूच बघ, उद्या सकाळी माणूस देतो, म्हणाले.

डॉक्टर चारुता प्रभू तिला खोलीत घेऊन गेल्या. बाई स्पष्ट बोलणाऱ्या, गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना जमत नसे. आज तर त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती आणि आवाजात जीव नव्हता.

त्यांनी थोडक्यात समजावलं. शरीरातलं रक्त जाड नळीने बाहेर घ्यायचं, ऑक्सिजनच्या पेटीतून फिरवायचं, परत आत सोडायचं. हे फिरवण्याचं काम पंप करतो. तेवढे सात-आठ दिवस हृदयाला आणि फुप्फुसांना विश्रांती मिळाली की लेप्टोचा माणूस उठून बसू शकतो. अशी परदेशी यंत्रं मोठ्या शहरांत. इथून न्यायचं तर रुग्ण वाटेतच जातो. म्हणून निलेश केळुसकर या इंजिनीअरने इथेच स्वस्तातला पंप बनवला. सरकारी समितीने परवानगी दिली ती अटीवर: दुसरा कुठलाच उपाय उरला नसेल तेव्हाच. परवा दुपारी यशोदा गावकर या शेतकरी बाईला तो पहिल्यांदा लावला. एक्केचाळिसाव्या तासाला तो थांबला आणि बाई गेली.

"असे किती पंप आहेत?" सुनीतीने विचारलं.

"दोन. दुसरा कपाटात सीलबंद आहे."

पुढचं डॉक्टरच बोलल्या.

"सर्वेशला तो लागणार आहे, आजच. संध्याकाळी पाचच्या पुढे मी थांबू शकत नाही. पहिला पंप कुणी बिघडवला असेल, तर दुसरा चांगला आहे, मी लावते. पण दोष पंपातच असेल, तर मी तो कुणालाही लावणार नाही. हे तुम्ही मला शोधून सांगायचं."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत सुनीतीने पुष्कळ गुन्हेगार शोधले. पण कुणीतरी गुन्हा केलेला असू दे रे देवा, अशी प्रार्थना तिने त्या दिवशी पहिल्यांदा केली.

निलेश केळुसकर प्रयोगशाळेच्या दारातच उभा होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली, शुद्ध पुणेरी मराठी. बाप नोकरीनिमित्त पुण्याला होता, तिथेच हा वाढला. निवृत्त होऊन बाप गावी काजरखोलला परतला, भात लावायला लागला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात लेप्टोने गेला, घाटात, रुग्णवाहिकेत. तेव्हापासून निलेशने दुसरं काही केलं नव्हतं. गावच्या घराशेजारच्या आंब्याच्या शेडमध्ये त्याने पंप बनवले, तिथेच तपासले.

त्याने टेबलावरचा पंप दाखवला. मूठभर आकाराचा, वर पारदर्शक झाकण, झाकणाला तीन स्क्रू. एका स्क्रूचं डोकं खरवडलेलं होतं.

"हे माझ्या हत्याराचं काम नाही," निलेश म्हणाला. "रुग्णाच्या खाटेशेजारी कुणीतरी हे उघडलंय."

झाकणाखाली, फिरणारी चकती ज्यावर टेकते ती प्लास्टिकची बारीक वाटी वितळून काळी पडली होती. चकती तिच्यातच अडकून बसली होती.

रात्रपाळीला नर्स स्वप्ना परुळेकर होती. पंचविशीची मुलगी, रडून डोळे सुजलेले, हात सारखे मागे नेत होती. सुनीतीने तिला समोर बसवलं.

"पंप किती वाजता थांबला?"

"चार वाजून वीस मिनिटांनी. बेल वाजली."

"मग तू काय केलंस?"

"डॉक्टरांना बोलावलं."

"झाकण कुणी उघडलं?"

स्वप्नाने हात पुन्हा मागे नेले.

"हात दाखव बघू."

उजव्या तळव्यावर ताजे फोड होते, दोन फुटलेले. सुनीती ते बघत राहिली. पंप बंद पडला तर हाताने फिरवायची एक कडी बाजूला होती, ती तिने मघाशीच पाहिली होती.

"किती वेळ फिरवलंस?"

"डॉक्टर पोचेपर्यंत, वीस मिनिटं. पण आतलं फिरतच नव्हतं, मॅडम." पोरीचा बांध फुटला. "म्हणून मी चिमट्याच्या टोकाने स्क्रू काढला. आत काय अडकलंय ते बघायला. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, नर्सनेच केलं."

जिने तळहाताची साल निघेपर्यंत बाईला जगवायची धडपड केली तिनेच तिला मारलं, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? सुनीतीने तिला घरी पाठवलं. पण खरवडलेला स्क्रू गेला, म्हणजे एक आशा गेली.

निलेशने लगेच दुसरी दिली. बंद पडलेला पंप अजयने जोडला होता. अजय मेस्त्री, त्याचा मदतनीस, काजरखोलचाच. दोघांचं महिन्यापूर्वी वाजलं होतं, कारण परवानगीच्या अर्जावर निलेशने फक्त स्वतःचं नाव घातल्याचं अजयला तेव्हा कळलं होतं. कपाटातला दुसरा पंप निलेशने स्वतःच्या हाताने जोडलेला.

"पंपात दोष नाही हे कशावरून?" सुनीतीने विचारलं.

निलेशने जाड वही पुढे केली. "बहात्तर तास सलग चालवलाय तो. याच बनावटीचा. तासातासाची नोंद आहे. तिथे वाटीला काही झालं नाही. मग इथे एक्केचाळीस तासांत वितळते, म्हणजे जोडणीत खोट आहे. चुकून म्हणा नाहीतर मुद्दाम."

तर्क बिनतोड होता. सुनीतीने वही अधाशासारखी वाचली. आधी सहा तासांच्या चाचण्या, मग बारा तासांच्या, मग चोवीस. दिवसा अजय, रात्री निलेश, अशा पाळ्या. वेळ, वेग, तापमान आणि शेवटी शेरा. निलेशचा शेरा 'ठीक'. अजयचा शेरा पानंच्या पानं एकच: 'पंप बरो', 'पंप बरो', 'पंप बरो'. मग डिसेंबरच्या बारा तारखेपासून पंधरापर्यंत बहात्तर तास. तिथेही अजयच्या पाळीत दर तासाला 'पंप बरा', 'पंप बरा'. कुठे खाडाखोड नाही, कुठे खंड नाही. वाचून तिलाही बरं वाटलं.

अजय आला तो घाबरलेला. सुरुवातीला ऑफिसातली मराठी बोलला.

"जोडणी मीच केली मॅडम. सरांनी शिकवलं तशीच केली."

"भांडण झालं होतं ना?"

"झालं होतं. नाव घालायला हवं होतं त्यांनी."

"राग होता?"

"होतो," तो म्हणाला आणि मग त्याची मराठी गळून पडली. "पण रागान माणूस मारतंत? यशोदाकाकी माझ्या मावशेच्या शेजारची. मी तिका वळखी. मी कित्याक असा करू?"

"बहात्तर तासांच्या चाचणीत दिवसपाळीला तू होतास?"

अजयने निलेशकडे बघितलं, मग जमिनीकडे. "वहीत काय आसा ता खरा," एवढंच म्हणाला.

त्याच्या त्या नजरेत काहीतरी होतं, पण सुनीतीने ते नीट पाहिलं नाही. खरं सांगायचं तर तिला पाहायचंच नव्हतं. हा माणूस गुन्हेगार ठरला तर भाऊ वाचत होता. दोन वाजता ती बाकावर येऊन बसली तेव्हा अहवालाची वाक्यं तिच्या डोक्यात तयारही झाली होती.

सर्वेशची बायको किशोरी फोनमध्ये फोटो बघत बसली होती. दोन दिवस पोरीने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. डॉक्टर काय म्हणाल्या, हे तिने विचारलं. सुनीतीने पहिल्यांदाच सांगितलं की पंप मिळेल असं वाटतंय. किशोरीने तिचा हात घट्ट धरला, मग फोन पुढे केला.

"ह्यो बघ गो ताई. माझ्या म्हायरचो, गावपळणीक इल्लो तेवाचो. तीन दिस नुसते पत्ते कुटल्यान. हसान हसान पोट दुखला आमचा."

किशोरीचं माहेर काजरखोल. तिथे दर चार वर्षांनी मार्गशीर्षात देवाचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो, गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणसाचा आवाज होत नाही. फोटोत माडाच्या झावळ्यांची खोप होती, भर दुपारचं ऊन होतं, आणि सर्वेश हात डोक्यावर नेऊन पत्ता आपटायच्या बेतात तोंडभर हसत होता. कसा दिसत होता तो.

मग तिची नजर त्याच्या समोर बसलेल्या माणसाकडे गेली. हातात पत्ते धरून अजय मेस्त्री बसला होता.

वर तारीख होती. तेरा डिसेंबर, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं.

ती उठली. गाडीतून वही आणली, तेरा तारखेचं पान काढलं. दुपारी बारा, अजय, पंप बरा. एक वाजता, अजय, पंप बरा. मग तिने मागची पानं उलटली आणि परत पुढची. किशोरीला तिने निलेशच्या आईचा, शेवंतीकाकीचा नंबर विचारला. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन तीन मिनिटं बोलली. काकी भाबडेपणाने सगळं सांगत गेल्या.

फोन ठेवला तेव्हा पावणेतीन झाले होते. जगात हे अजून तिला एकटीलाच माहीत होतं. फोटो किशोरीच्या फोनमध्ये, वही तिच्या हातात. ती काही बोलली नाही, तर पाच वाजता पंप लागणार होता. उद्या येणारा माणूस काय शोधायचं ते शोधेल. भिंतीला टेकून ती तशीच उभी राहिली, आणि त्या दहा मिनिटांत ती पोलीस नव्हती. नुसती बहीण होती. शेवटी तिच्या डोळ्यांसमोर आली ती वितळलेली वाटी. तीच वाटी सर्वेशच्या रक्तात फिरणार होती.

तीन वाजता तिने डॉक्टर चारुतांच्या खोलीत निलेशला आणि अजयला बोलावलं. दार लावून घेतलं.

"पंप कुणीही बिघडवलेला नाही," ती म्हणाली. "स्वप्नाने झाकण उघडलं ते पंप थांबल्यावर. अजयच्या जोडणीत खोट आहे असं म्हणायला एकच आधार होता, ही वही. पंप बहात्तर तास चालला, म्हणून दोष जोडणीचा. पण बारा ते पंधरा डिसेंबर काजरखोलची गावपळण होती. गावात चिटपाखरू नव्हतं. तेरा तारखेला दुपारी अजय वेशीबाहेर माझ्या भावाबरोबर पत्ते खेळत होता. हा फोटो."

"म्हणजे अजयने खोट्या नोंदी केल्या," निलेश झटकन म्हणाला.

"मलाही आधी तेच वाटलं." तिने वही उघडून डॉक्टरांसमोर ठेवली. "ही आधीची पानं. अजय लिहितो 'पंप बरो'. आमच्या मालवणीत पंप बरो, घोडो बरो, माणूस बरो. रात्री झोपेतून उठवलात तरी तो 'बरा' लिहिणार नाही. आता ते तीन दिवस बघा. 'पंप बरा.' छत्तीस वेळा. अक्षर बेमालूम, सही बेमालूम. शब्दही अजयचाच उचललाय. पण लिहिणाऱ्याची जीभ पुण्यात वाढलेली."

अजय वहीवर वाकला आणि बोट फिरवत राहिला. ती पानं तो पहिल्यांदाच बघत होता.

"सरांनी माका सांगल्यान, पंप चालू ठेव नि जा," तो हळू म्हणाला. "मी चालू ठेवन गेलंय. मागसून सर म्हणाले, चाचणी पुण्याक परत केलंय म्हणान. माका वाटला, केली असतली."

"तो चालू राहिलाच नव्हता," सुनीती म्हणाली. "गाव सोडताना शेवंतीकाकींनी घराचं मेन स्विच ओढलं. गाव पळतो तेव्हा मागे दिवा ठेवायचा नसतो, आवाज ठेवायचा नसतो. त्यांना वाटलं, लेक विसरला. चार दिवसांनी निलेश पुण्याहून आला तेव्हा पंप थंड पडला होता. पहिल्या तासाभरातच बंद झाला होता तो. खरं की नाही?"

निलेश खुर्चीत खाली खाली सरकला.

समितीकडे कागद द्यायला दोन दिवस उरले होते, त्याने सांगितलं. ती तारीख चुकली तर परवानगी वर्षभर पुढे गेली असती, म्हणजे आणखी एक पावसाळा, आणखी माणसं. चोवीस तास पंप नीट चाललाच होता. बहात्तरही चालेल, अशी त्याची खात्री होती. नंतर पुन्हा चाचणी करायची, असं रोज ठरवत होता. केली नाही.

"आणि पहाटे यशोदा गेल्या तेव्हा?" डॉक्टरांनी विचारलं. "तेव्हा तुम्हाला कळलं होतं. तरी तुम्ही या पोराचं नाव घेतलंत. तरी दुसरा पंप तयार ठेवलात."

"कुणीतरी बिघडवला असेल, असंच मला मानायचं होतं," निलेश म्हणाला. मग एकदम पुढे झुकून सुनीतीकडे बघितलं. "तरीसुद्धा चाळीस तास चालतो हो तो. चाळीस तास. तुमच्या भावाला आत्ता लावा. काहीच नसण्यापेक्षा..."

सुनीतीने डॉक्टरांकडे पाहिलं. तिची सगळी आशा त्या एका नजरेत होती, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

डॉक्टर चारुतांनी मान हलवली. त्याला निदान सात दिवस लागतील, त्या म्हणाल्या. वाटी तापायला लागली की आधी रक्ताच्या गाठी होतात, त्या मेंदूत जातात. यशोदाबाईंचं तेच झालं होतं. कपाटाची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली आणि पंप ताब्यात घ्या, म्हणाल्या.

निलेशला ठाण्यातून बोलावून घेतलेल्या एकुलत्या शिपायाच्या हवाली करून सुनीती बाहेर आली. किशोरी उभीच होती. तिला सांगणं भाग होतं. सुनीतीने काही लपवलं नाही: फोटो, वही, बरो आणि बरा, सगळं. किशोरीने शांतपणे ऐकलं. स्वतःच्याच फोनमधल्या फोटोने हे झालं, हेही तिच्या लक्षात आलं.

"तू गप रवलंस असतंस तर तेंनी पंप लावलो असतो?"

"होय."

"मगे कित्याक बोललंस गो?"

"किशोरी, त्या पंपान तो मेलो असतो."

"नि आता?" किशोरी म्हणाली. "आता जगतलो?"

सुनीतीने तिचा हात धरला. किशोरीने हात सोडवून घेतला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. सर्वेश दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला गेला. दोघी आत होत्या, एकमेकींशी न बोलता.

दहा वाजता साहेबांनी कबूल केलेला माणूस आला. सुनीतीने त्याला वही दिली, पंप दिले, आपला जबाब लिहून दिला. त्याने फिर्याद वाचून दाखवली: खोटा दस्तऐवज, निष्काळजीपणाने मृत्यूस कारण. आरोपी एक, निलेश केळुसकर. मयत एक, यशोदा गावकर.

"अजून कुणाचं नाव घालायचं आहे, मॅडम?" त्याने विचारलं.

सर्वेशला पंप लावलाच नव्हता. त्याच्या मृत्यूला कायद्याने कुणीच जबाबदार नव्हतं. "नाही," ती म्हणाली आणि सही करून भावाचं प्रेत ताब्यात घ्यायला गेली.